साहेबाला खाली बसवलं तो दिवस

माझं नाव सिंधू. माहेर सोयगावच्या अंगाचं, आन् दिली तीबी डोंगराच्याच पायथ्याला, म्हंजी डोंगर काय मला सुटला नाय. काय सांगू तुमाला ताई, अंगाची हळद निघाली नव्हती तर सासूनं हातात कोयता आन् दोर दिला, म्हणली चल सरपणाला. माझी सासू गिरजाबाई, माणूस सोन्यासारखी पण जीभ लई धारेची. तिनंच मला जंगल शिकवलं, आन् जंगल शिकवलं म्हंजी काय, तर लपायचं शिकवलं. डोंगर अभयारण्यात गेलेला, लाकडं आणायला बंदी, आन् चूल तर रोज पेटायला पायजे. फारेस्टच्या गार्डाची खाकी दिसली की आडवं व्हायचं, खोकायचं नाय, बांगड्या कोपरापतुर वर सारायच्या, निसता श्वास घ्यायचा. एकदा मी आडवी व्हायला उशीर केला तर कोयता गेला, दोर गेला, आन् सासूनं आठ दिवस गल्लीभर ऐकवलं, ह्या पोरीला धड आडवंबी होता येत नाय. आता सांगताना हसू येतंय, तवा रडू यायचं.

मग गावात गॅस आला. आन् औरंगाबादहून, आता संभाजीनगर म्हणत्यात, तिथून लोक यायला लागले, पाठीवर पिशव्या, पायात हे मोठाले बूट. डोंगर चढायचे आन् मोकळ्या हातानं परत उतरायचे. मला काय कळंनाच. नवऱ्याला म्हणलं, आवं हे लोक वरून आणत्यात तरी काय? तो म्हणला, फोटो.

तर असंच एक दिवस फारेस्टच्या साहेबानं गावात बैठक घेतली, म्हणला, पाहुण्यांना जंगल दाखवायला गावातलेच गाईड पायजेत. गडी पुढं बसलेले, आमी बाया मागं. मी उठले न् म्हणलं, मी व्हते. सगळी बैठक हसली. एक जण म्हणला, बाई काय दाखवणार, सरपण? मला आला राग, मी म्हणलं, तुमी सडकेनं जाणारे, हा डोंगर आमी बायांनी तुडवलाय, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहतं ते तरी सांग तू. साहेब तरणा, नवाच बदलून आलेला, म्हणला, ठीक, एक फेरी करा, मी वाटंत येऊन बघीन, जमलं तर जमलं, नाय तर बायांचा विषय पुन्हा काढायचा नाय. म्हंजी बगा, ते माझ्या एकटीचं राहिलंच नाय, मागं बसलेल्या सगळ्याजणींचं झालं.

फेरीच्या दिवशी आठ माणसं आली. त्यात पडेगावच्या नसरीन मॅडम, शाळेत शिकवणाऱ्या, आन् क्रांती चौकात चष्म्याचं दुकान आसलेले एक काका. माझ्या गळ्यात ओळखपत्र, पायात नवऱ्याचे बूट. मी निघाले ते सरपणाच्या चालीनंच निघाले, मला काय माहीत हळू चालायचं आसतं म्हणून. मागं वळून बघते तर काका कमरेवर हात ठिवून उभे, आन् मॅडम वराडायल्या, जरा ठैरो ना बाई, जंगल कां भागरा? म्हंजी जंगल काय पळून चाललंय का. मी थांबले, लाजले, पाणी पाजलं त्यांना.

आन् तेवढ्यात खालच्या वळणावर झाडीत खाकी हालली. ताई, माझं डोकं नाय चाललं, अंग चाललं. शूऽऽ म्हणलं, आडवं व्हा, आन् आठच्या आठ माणसं नाल्यात निजवली, काका तर पांढऱ्या शर्टासकट. कोणी विचारलं नाय कामून म्हणून, माझा चेहराच तसा झाला आसंल. मग हळूच डोक्यात उजेड पडला, आगं सिंधे, हा तर तुला बघायला आलेला साहेब, आन् तू त्यालाच भिऊन पाहुणे चिखलात घातले! वाटलं, गेलं सगळं, आता त्या गड्यांना जन्मभर हसायला झालं.

उठायला गेले तर आवाज आला, फुर्रर्र, फुर्रर्र. समोरच्या उतारावर अस्वल. वारूळ फोडून वाळवी ओढायलं व्हतं, आन् पाठीवर पिल्लू, दोन्ही हातांनी केसं धरून बसलेलं. मॅडमनी माझा हात आसा दाबला की बांगडी पिचली. पण साहेब खालून येतच व्हता, सिंधूबाई, सिंधूबाई हाका मारत, वळणाच्या पलीकडं काय हाय त्याला काय ठाव. पिल्लूवाली अस्वलीण लई वाईट, माणसाचं तोंड ठिवत नाय. मी कमरेइतकी उभी राहिले न् हात केला, बस. त्याला कळंना, आजून एक पाऊल टाकलं. मग मी दात खाऊन म्हणलं, बस की खाली! साहेबाला, खाकीतल्या माणसाला, अरेतुरे! आन् तो बसला, तिथंच, बोरीच्या काट्यात. अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली, नाक वर केलं, मग निवांत डोंगर चढून गेली, पिल्लू मागं वळून बघत.

साहेब काटे काढत आला, म्हणला, वा, अस्वलाचा अंदाज आधीच आला म्हणून यांना लपवलंत ना? मॅडम मागून मान हालवायल्या, व्हय म्हण, व्हय म्हण. मला व्हय म्हणवलं नाय. म्हणलं, नाय साहेब, तुमाला भिऊन लपले, सवय हाय, आन् कोयत्याचं, दोराचं, सगळं सांगून टाकलं. साहेब हसला, म्हणला, इथं आल्यापासून मी अस्वल पाहिलं नव्हतं, माझे बूटच ते लांबून ऐकत आसंल, तुमी पाहुण्यांना आसं लपायचंच शिकवा.

आज आमी सहा बाया गाईड हाओत. मोठमोठे पगारवाले लोक आमी नाल्यात निजवतो आन् ते गुमान निजत्यात.

आन् ह्या दिवाळीला मी सासूला नेलं, तिकीट काढून, पाहुणी म्हणून. नको नको म्हणत आली, काठी टेकत. वर कड्याशी उभी राहिली, खाली शेतं, गाव, तळ्याचं पाणी, सगळं उघडं. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. मग म्हणली, इथून एवढं दिसतं व्हय गं? चाळीस वर्सं ह्याच वाटेनं गेली ती, ताई, पण मान भाऱ्याखाली, पुढच्या बाईच्या टाचा सोडून तिला काय दिसलंच नाय. वनरक्षक आला तर त्याला म्हणली, बाबा, ही माझी सून हाय, हा डोंगर हीच दाखवती. आन् माझ्याकडं न बघता म्हणली, सिंधे, लई केलंस. देव तिला आजून दहा वर्सं देवो. एकच कडा पाहिलाय तिनं, बाकीचे समदे राहिलेत.