जवळचे नातेवाईक असल्यास नमूद करा

अश्नील : म्हणजे अख्खं गाव तुझं नातेवाईक?

उनाइसी : अख्खं नाही, सर. पाद्री दुसऱ्या बेटावरचे आहेत. त्यांना मी धरलं नाही.

अश्नील : उपकार झाले.

उनाइसी : तसे ते आईच्या माहेरचे निघतील. पण मला खात्री नव्हती, म्हणून सोडलं.

अश्नील : उनाइसी, तू या जोखीम विभागात आल्यापासून एक तरी कर्जाची फाईल उघडली का?

उनाइसी : उघडायला जाते, पण पडदा लाल होतो. ‘या ग्राहकाशी आपले नाते आहे.’

अश्नील : होणारच. आपल्या सुवा शाखेत रेवा नदीकडचे जेवढे ग्राहक, तेवढे सगळे तू नातेवाईकांत घालून ठेवलेस. सकाळी मुख्य कचेरीतून सिडनीच्या बाईंचा फोन होता. म्हणाल्या, विद्यापीठातून निवडून आणलेली ही मुलगी जोखीम तपासायला घेतली होती ना, की तीच आपली जोखीम आहे? हसत म्हणाल्या. पण म्हणाल्या.

उनाइसी : मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही, सर.

अश्नील : तेच तर दुखणं आहे. हे बघ, वडिलांच्या रकान्यात एकाखाली एक किती नावं. एवढे वडील कुठून आणलेस?

उनाइसी : जन्म दिला ते एक. त्यांच्या आधीचे ते थोरले बाबा, नंतरचे ते धाकटे बाबा. आमच्यात काका म्हणत नाहीत, सर. बापच ते.

अश्नील : बँकेला एकच बाप चालतो. आई, वडील, सख्खी भावंडं. बाकीचे पूस.

उनाइसी : पुसू म्हणजे, ते माझे कोणी नाहीत असं सांगू?

अश्नील : माझे पणजोबा ऊस तोडायला हिंदुस्थानातून बोटीत बसून इथे फिजीत आले. त्या बोटीतला प्रत्येक जण त्यांचा जहाजी भाऊ. एकमेकांच्या पोरींची लग्नं लावली, एकमेकांना खांदा दिला. आजही दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे जातो. पण हीच माहिती मी भरली तेव्हा त्यांच्यातलं एकही नाव घातलं नाही.

उनाइसी : वाईट नाही वाटलं?

अश्नील : वाटलं. मग बढती मिळाली.

उनाइसी : निदान धाकटे बाबा राहू देत. सेमेसा. त्यांच्याच घरी वाढले मी. हायस्कूलला होते तेव्हा रोज सकाळी बोटीतून धक्क्यापर्यंत सोडायचे, पाऊस असला की माझ्यावर ताडपत्री आणि स्वतः भिजायचे.

अश्नील : त्यांच्या पोटची आहेस का?

उनाइसी : नाही.

अश्नील : मग पूस. तू अजून कायम झालेली नाहीस, पोरी. जिला फाईलच उघडता येत नाही तिला कोण ठेवून घेईल?

* * *

उनाइसी : सर, एक फाईल माझ्याकडे चुकून आलीय.

अश्नील : उघडली?

उनाइसी : उघडली.

अश्नील : म्हणजे चुकून नाही. नावं पुसलीस, आता सगळ्याच उघडणार. काय आहे?

उनाइसी : बोट आणि इंजिन घ्यायला कर्ज हवंय. जुनी बोट वादळात फुटली. नदीच्या मुखाशी खेकडे धरतात, ते बाजारात न्यायला बोटीशिवाय दुसरी वाट नाही.

अश्नील : तारण?

उनाइसी : जमीन अख्ख्या कुळाची सामाईक आहे, गहाण पडत नाही. विमा कंपनी त्या बाजूला फिरकत नाही. यंत्राने लाल शेरा दिलाय.

अश्नील : मग लालच. नाकार आणि पुढची घे.

उनाइसी : सेमेसा नाइवालू. तेच ते, सर. माझे धाकटे बाबा.

अश्नील : हे मी ऐकलं नाही.

उनाइसी : सर...

अश्नील : नीट ऐक. आता तू त्यांना नातेवाईक म्हणालीस तर परवा भरलेली माहिती खोटी ठरते. खोट्या माहितीवर नव्या माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतात.

उनाइसी : पुसायला तुम्हीच लावलंत.

अश्नील : हो, मीच. म्हणून तर ऐकलं नाही म्हणतोय.

उनाइसी : मग दुसऱ्या कोणाकडे द्या. सिडनीला पाठवा.

अश्नील : पाठवू. काय कारण लिहू? आणि तिथल्या पोराला रेवाचं मुख नकाशातसुद्धा सापडायचं नाही. तो लाल बघणार आणि पुढे सरकवणार. कर्ज इथेही नाही, तिथेही नाही. फक्त तुझी नोकरी मध्ये जाईल.

उनाइसी : मला नोकरी लागली तेव्हा गावाने चर्चमध्ये खास प्रार्थना ठेवली होती. धाकट्या बाबांनी मोठ्याने सांगितलं, आता बँकेत आपलं माणूस आहे.

अश्नील : सगळ्यांचे बाबा असंच सांगतात.

उनाइसी : मी काहीच करू शकत नाही का?

अश्नील : एक करू शकतेस. टपालाने कळवू नकोस, बोलावून घे आणि समोर बसून सांग. तेवढं आपल्या हातात असतं. फक्त गुरुवारी जपून. सिडनीच्या बाई शाखा बघायला येतायत.

उनाइसी : त्यांना गुरुवारचीच बोट मिळते, सर. दुसऱ्याची आहे.

* * *

(ग्राहकांना भेटण्याची काचेची खोली. सेमेसाने चपला दाराबाहेर काढल्या आहेत. मांडीवर झावळीची टोपली.)

सेमेसा : काय गार खोली आहे गं. मासळी ठेवतात का इथे?

उनाइसी : चपला आत घेऊन ये ना, बाबा.

सेमेसा : एवढा मऊ गालिचा आणि माझ्या चिखलाच्या चपला? राहू देत. तू वाळलीस. हे धर, लोलोत शिजवलेले खेकडे. लोलोसाठी नारळाचं दूध तुझ्या आईने पहाटे उठून काढलंय, आणि मोठा खेकडा तुलाच द्यायचा म्हणून दोनदा बजावलंय.

उनाइसी : बाबा, कर्ज होणार नाही.

सेमेसा : आधी खा तरी.

उनाइसी : नाही झालं, बाबा.

सेमेसा : बरं. कोण नाही म्हणालं?

उनाइसी : यंत्र.

सेमेसा : आणि यंत्राच्या खाली सही कोणाची?

उनाइसी : माझी. सही नसते, नुसतं बटण असतं. मी दाबलं.

सेमेसा : मी तुझा कोण लागतो हे ठाऊक नसेल त्या यंत्राला.

उनाइसी : आधी सांगितलं होतं. मग पुसलं. तू माझा कोणी नाहीस असं मी कळवलंय, बाबा. सगळ्यांचंच पुसलं, पण तुझ्या नावाशी किती वेळ बसून राहिले ते माझं मला माहीत.

सेमेसा : नसतं पुसलं तर बोट मिळाली असती?

उनाइसी : नाही. बोट नसतीच मिळाली. माझी नोकरी गेली असती. अजूनही जाईल, कोणाला कळलं तर.

सेमेसा : मग काय तर. बोट नाही ती नाहीच, नोकरी तरी राहिली. मी असतो तर मीही पुसलं असतं.

उनाइसी : तू नसतंस पुसलं.

सेमेसा : मला लिहिताच कुठे धड येतं.

उनाइसी : बाबा, शिव्या दे मला. असं गोड नको बोलू.

सेमेसा : घरी ये, देतो. इथे सगळं काचेचं आहे.

उनाइसी : खेकडे कसे नेणार आता?

सेमेसा : विलियामेच्या बोटीतून. त्याची मर्जी असेल त्या दिवशी. मर्जी नसेल त्या दिवशी आम्हीच खाऊ, तुझ्या आईला तेवढंच बरं.

उनाइसी : एवढी शिकले आणि एका बोटीपुरती तुझ्या उपयोगी पडले नाही. इथे बसून मला तुझ्यासाठी काहीही करता येत नाही. काहीही.

सेमेसा : रडू नको. तो बघ काचेपलीकडून कोणीतरी येतोय. तुझा साहेब का?

उनाइसी : हो. आणि त्यांच्यामागे सिडनीच्या बाई.

सेमेसा : त्याच का यंत्राच्या मालकीण? डोळे पूस. सरळ बस.

अश्नील : माफ करा हं. उनाइसी, बाई दारात उभ्या आहेत. त्या विचारतायत, हे गृहस्थ कोण?

उनाइसी : सर, हे... हे माझे...

सेमेसा : मी गिऱ्हाईक, साहेब. सेमेसा नाइवालू. बोटीच्या कर्जाचं विचारायला आलो होतो. या बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं.

अश्नील : बरं झालं. तसं सांगतो त्यांना. आणि... ती टोपली. बाई टोपलीकडे बघतायत. ग्राहकाकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. उनाइसी, तुला माहीत आहे.

उनाइसी : माहीत आहे, सर.

सेमेसा : नाही हो साहेब, यांना कशाला देईन? नुसती टेकवली होती. द्या बाई इकडे. माझ्या मुलीसाठी आणली होती, तिची काही गाठ पडली नाही.