गूळ खाल्लेली वीज

थिनर! माझ्या घरचा चहा तोंडात घेतला आणि पेणचा व्याही म्हणतो काय, "कमळाकरराव, चहात थिनर पडलाय का हो?" अहो, पोरीचा सासरा, पहिल्यांदा घरी आलेला, त्यातनं गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा, त्याला वास कळणार नाय तर कोणाला कळणार! आता ह्याला काय सांगू, की पडला नाय, विहिरीतच हाय? वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना होता, तो बंद पडला, मालक पळाला, आणि जमिनीत मुरलेली त्याची घाण आमच्या झऱ्याला लागली... पुतळी, म्हणजे आमचं कुटुंब, पदर तोंडाला लावून आत पळाली. मी आपला कपाकडं बघतोय. मान वर होत नाय हो, तुम्हाला सांगतो!

बरं, प्यायचं पाणी शेजारच्या चंद्रावतीकडनं. ती देते, नाय म्हणत नाय, पण बोलून देते! "ने गो पुतळे, ने. तुमची विहीर धुण्याला बरी, साबण नको!" पुतळी हंडा उचलते. तिच्या हाताची कातडी बघा कधी, त्या पाण्यानं भांडी घासून घासून सोललीय...

मग आली लीयाबाई. मुंबईच्या कॉलेजातली संशोधक, पण बोलायला लागली तर आपलीच की! आजोळ पेणजवळच्या जिते गावचं, ज्यू घर. नातेवाईक सगळे इस्रायलला गेले, आजी तेवढी जित्याला राहिली. विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं, परत आली आणि म्हणाली, "काका, तळाच्या गाळात जंतू हायत. ही घाण ते खाऊ शकतात, पण खाली त्यांचा जीव गुदमरतो. आपण गाळात एक काळी कांडी रोवू, एक वरच्या पाण्यात, मधे तार. ते खाताना वीज सोडतात, ती तारेनं वर जाईल आणि त्यांचं जेवण चालू राहील. ह्या मीटरचा काटा हलला की समजायचं, पंगत बसलीय."

एवढं सगळं ती बोलली, आणि मी ऐकलं काय? वीज!

झालं. तिनं कांड्या रोवून तार जोडली, आणि दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मी, न्हाव्याकडं मी, देवळात मी, "आमच्या विहिरीत वीज तयार होते!" आमचे सरपंच हिरामणशेठ, त्यांना तर कारणच पाहिजे! भोंगा, हार, खुर्च्या आणि चक्क चार फुटी ट्यूबलाईट! ती जोडली आमच्या तारेला. सगळं गाव जमलेलं. हिरामणशेठ भोंग्यावर, "आजपासनं वरसे गावात भारनियमन बंद!" आणि ट्यूब... कसली ट्यूब आणि कसलं काय! लीयाबाई ओरडतेय, "अहो, एवढी नसते ती वीज!" ऐकतो कोण? मागनं कोणीतरी म्हणालं, "कमळाकरा, काडेपेटी देऊ?" हसं! हसं! मान वर होत नाय हो, तुम्हाला सांगतो!

आणि गंमत काय, त्यानंतर काटा चढायला लागला! रोज थोडा, रोज थोडा. माझी छाती पण त्याच्याबरोबर. फोन करून लीयाबाईला बोलावलं, गावाला पण बोलावलं, म्हटलं या, बघा, हसत होतात ना? लीयाबाईनं काटा बघितला, खूष. बादली ओढली, वास घेतला, नाक मुरडलं. बाटलीत कसलीशी औषधं घालून बघितली. "काका, घाण तर आहे तेवढीच हाय. मग हे खातायत काय? विहिरीत काय घातलंत का?"

मी भडकलो! "घालतोय कोण? आम्ही काय अडाणी वाटलो?"

आणि मागनं बारीक आवाज, "मी घातला. गूळ."

पुतळी!

"रोज खडा टाकते. पेज पण थोडी. बिचारी येवढी घाण खातात, म्हटलं तोंड गोड करूया..."

अख्खं गाव पोट धरून! लीयाबाईपण हसली, आता खोटं कशाला सांगू. म्हणाली, "मावशी, समोर गूळ असताना थिनर कोण खाणार गो? जंतू झाले म्हणून काय झालं!"

मला एवढा राग आला, एवढा राग... म्हटलं, "पुतळे, चार माणसांत नाक कापलंस गो माझं!"

ती माझ्याकडं बघतच नव्हती. हाताच्या साली काढत म्हणाली, "त्या ट्यूबच्या दिवशी तुमी जेवला नाय. दुसऱ्या दिवशी पण नाय. भिंतीकडं तोंड करून पडून होता. म्हटलं, काटा हलला तर जेवतील."

हसणारे चपला शोधायला लागले. चंद्रावती पण. आणि मी? पाणी खराब होतं ते तिच्या हाताला, बोलणी खायची तीच, हंडा उचलायची तीच, आणि उपाशी कोण, तर मी! ट्यूबसाठी! तिथं काय मान वर होणार हो...

गूळ बंद झाला. काटा धाडकन खाली. लीयाबाई म्हणाली, आता खरं काम चालू झालं, आणि घाण संपत जाईल तसा काटा आणखी खाली येईल, तो खाली आला तर रडू नका. पावसाळा गेला, थंडी आली. वास कमी झाला, खरंच झाला! प्यायचं नाय अजून, बाईनं बजावलंय, पण भांडी घासून पुतळीचे हात सोलत नायत. आणि मी रोज सकाळी मीटरसमोर बसतो, वीज कमी होऊ दे म्हणून हात जोडतो! सगळ्या महाराष्ट्रात असा माणूस मीच.

तरी पुतळीचा जीव धसकतो. काटा खाली दिसला की दारात येते, घाबरत विचारते, "आज पण उतरला. जेवायला वाढू ना?"

भूक असो नसो, मी म्हणतो, वाढ गो बाई, वाढ. नाय म्हणायची हिंमत हाय का माझी? गुळाचा डबा तिच्या ताब्यात!