मी गिझर दुरुस्त केला त्या दिवशी

तुम्ही हासान, पण सांगतो. लग्नानंतर माझे सासरे अल्लीपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडं पुलगावले राह्याले आलते. सकाळीच न्हाणीतला गॅसचा गिझर खालून गळाले लागला. बायको म्हणे, "मिस्त्रीले फोन लावा."

सासऱ्यासमोर इज्जतीचा सवाल होता ना बे! म्हटलं, "मिस्त्री काऊन? एवढं तं मीच करतो."

गॅस बंद केला, पान्हा घेऊन स्टुलावर चढलो. एक नट आवळला, तं धार वाढली. दुसरा आवळला, तं पाणी थेट बाहीत शिरलं. तिसरा पुरी ताकद लावून आवळला आन् थोड्या वेळात पाणी एकदम बंद!

"वैशाली, इकडं ये! पाह्य!"

तिनं खालून हात लावून पाह्यला. थेंब नाई. लग्नापासून पहिल्यांदाच ती माझ्याकडं कौतुकानं पाहून राह्यली होती.

तेवढ्यात गच्चीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "जवाईबापू, टाकीचा कॉक बंद केला म्या. तुमचं काम झालं असन तं चालू करू काय?"

वैशालीनं हात मागं घेतला.

मी वर पाहून ओरडलो, "राहू द्या बंदच, मामाजी! आधी खाली येऊन चहा घ्या."