तिल्काचं वळण

ब्लाझ : मला हलवू नकोस. आधी सायकल बघ.

विन्को : सायकल धडधाकट आहे. बॅटरीसुद्धा जागेवर आहे. तुझं काय मोडलंय ते सांग.

ब्लाझ : काही नाही. कोपर सोललंय. आणि अब्रू गेली.

विन्को : ती चढावरच गेली. बॅटरीवर डोंगर चढायचा आणि वर मलाच विचारायचं, दमलास का म्हणून!

ब्लाझ : गुडघा माझा बदललाय, तुझा नाही. दे हात.

विन्को : ऊठ. ओरडलो होतो ना, ब्रेक आधी दाब म्हणून? तिल्काच्या वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नसतो.

ब्लाझ : तिल्काच्या वळणात काहीही केलं तरी माणूस पडतो, विन्को.

विन्को : मी नाही पडत.

ब्लाझ : तू रोज येतोस. इथली मुळं आणि दगड पाठ झालेत तुला. वळणाचा हा बांध मागच्या पावसात खचला होता ना? आज नवाकोरा दिसतोय.

विन्को : असेल.

ब्लाझ : फावडं कुठे लपवतोस?

विन्को : त्या आडव्या झाडाखाली.

ब्लाझ : म्हणजे दर पावसानंतर हेच चाललंय.

विन्को : मग? माझ्या बायकोने हाताने रचलेला बांध आहे. दोन उन्हाळे खपली ती इथे. ऊठ आता, नेझा चूल विझवेल आणि मग नुसती बिअर पिऊन झोपावं लागेल.

ब्लाझ : बस जरा.

विन्को : भूक लागलीय मला.

ब्लाझ : बस म्हणतो ना. सकाळपासून एक सांगायचंय. चढताना सांगणार होतो. मग वर खोपीपाशी सांगणार होतो, तर तू पाव काढलास.

विन्को : पावाने तुझं तोंड बंद झालं?

ब्लाझ : त्यावर तिल्का लावायची तशी जाड चरबी लावली होतीस, आणि अर्धा मला दिलास. कसं सांगणार?

विन्को : आता सांग.

ब्लाझ : शनिवारी आपलं सायकल मंडळ हे वळण मोडणार आहे.

विन्को : कोण म्हणतं?

ब्लाझ : मी. मतं घेतली तेव्हा पहिला हात माझा वर गेला.

विन्को : तू तिच्या शवपेटीला खांदा दिलास, ब्लाझ.

ब्लाझ : दिला. म्हणूनच तुला सांगायला दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. अरे, या उन्हाळ्यात किती जण पडले इथे! त्या ऑस्ट्रियाच्या मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. जंगलाचा मालक म्हणतो, वळण नीट करा, नाहीतर अख्खी वाट बंद करतो. आणि तिल्का स्वतःच—

विन्को : तिचं नाव घेऊ नकोस.

ब्लाझ : ऐकून तरी घे.

विन्को : नाही ऐकायचं. मार्चमध्ये लाकूडवाले टपले होते. लाकडं ओढायची वाट बरोबर या वळणावरून आखून ठेवली होती. त्यांनाही मी पुरून उरलो. तुमचं मंडळ काय चीज आहे!

ब्लाझ : लाकूडवाले? यंदा या उतारावर कुणी एक झाड तोडलं नाही.

विन्को : मी तोडू दिलं नाही म्हणून. चल. बिअर तुझ्याकडून. बोलणार मात्र नाही मी तुझ्याशी.

(खाली गावात. नेझाच्या छोट्या बिअर कारखान्याचं अंगण. दोन्ही सायकली एकाच भिंतीला टेकलेल्या.)

नेझा : चिखलाचे बूट दाराबाहेर! आणि हे काय, दोघं दोन बाकांवर?

ब्लाझ : याने माझ्याशी बोलणं सोडलंय.

विन्को : नेझा, त्या माणसाला सांग, मला मोठा ग्लास पाहिजे.

नेझा : ऐकलं त्यांनी. ही घ्या, स्प्रूसच्या झाडाच्या कोंबांची. यंदा जरा कडू झालीय. कोंब खुडायला तिल्का नव्हती, आम्ही उशीर केला.

विन्को : कडू आहे. चांगली आहे.

नेझा : म्हणजे ब्लाझने वळणाचं सांगितलं एकदाचं.

विन्को : तुलाही माहीत होतं?

नेझा : मला तर तिल्कानेच सांगितलं. याच बाकावर बसून. तिच्या शेवटच्या शरद ऋतूत. म्हणाली, वळण चुकलं माझं. फार आवळलं गेलं, आणि पाणी मध्येच साचतं. बर्फ वितळलं की मोडायचं.

विन्को : मला नाही म्हणाली.

ब्लाझ : तुला कशी म्हणेल? तू येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते वळण दाखवायचास. पोस्टमनलासुद्धा दाखवलंस.

विन्को : त्याला सायकल आवडते.

ब्लाझ : ऑक्टोबरात ती एकटी जाऊन नवी वाट आखून आली होती. झाडाझाडाला पट्ट्या बांधून. मग ती गेली. बर्फ वितळल्यावर आम्ही बघायला गेलो, तर एक पट्टी जागेवर नाही. म्हटलं, वाऱ्याने उडाल्या, नाहीतर हरणांनी खाल्ल्या.

विन्को : कसल्या पट्ट्या?

ब्लाझ : प्लास्टिकच्या. केशरी.

नेझा : विन्को, ग्लास खाली ठेवा. सांडतेय.

विन्को : गाठी फार घट्ट होत्या.

ब्लाझ : काय?

विन्को : मला वाटलं, लाकूडवाल्यांनी बांधल्यात. अर्धा दिवस गेला माझा. बोटं गारठून गेली, पण एक गाठ सुटेल तर शपथ. शेवटी चाकूने कापल्या. आणि शिव्या घातल्या, मोठमोठ्याने. म्हटलं, कोण हे गाढव? गाठ मारतंय की सूड घेतंय?

नेझा : पिठाच्या पिशवीलाही अशीच मारायची ती. मी पिशवी फाडूनच उघडायचे.

विन्को : आमच्या स्वयंपाकघरात कात्री खिळ्याला टांगलेली आहे, तेवढ्याचसाठी. अख्खा संसार तिच्या गाठी कापण्यात गेला माझा. आणि तिथे उभा राहून मला ओळखू आली नाही.

ब्लाझ : रडतोयस की हसतोयस?

विन्को : गप्प बस. ती गेल्यापासून मी तिच्याशी बोलतो. रोज. पण सगळं गोडगोड. तिल्का, तुझंच बरोबर होतं. तिल्का, चूक माझी होती. जिवंत होती तेव्हा एवढं गोड कधी बोललो नाही. तिला खरंही वाटलं नसतं. त्या दिवशी मात्र आमचं नेहमीसारखं भांडण झालं म्हणायचं.

नेझा : आणि नेहमीसारखी शेवटी ती जिंकली.

ब्लाझ : पट्ट्या जाळल्यास की काय?

विन्को : सायकलच्या पिशवीत आहेत. जंगलात प्लास्टिक टाकलेलं तिला चालायचं नाही, नि घरी घेऊन जावंसं वाटलं नाही.

ब्लाझ : जाऊ दे. आता आम्ही अंदाजाने आखलंय. मोठ्या खडकाच्या वरच्या अंगाने.

विन्को : वरून कशाला? तिची खालून होती.

ब्लाझ : खालून?

विन्को : दुभंगलेल्या स्प्रूसपासून सुरू व्हायची. मग खडकाखालून, पसरट, थेट त्या तीन पोरसवदा झाडांपर्यंत. म्हटलं होतं मी तेव्हाच, लाकडं ओढायला एवढा लांब वळसा कोण घालतं? पण पाण्याला तो उतार बरोबर मिळतो. आपोआप ओढ्याकडे जाईल.

ब्लाझ : म्हणजे?

विन्को : म्हणजे बरोबर आखली होती तिने.

नेझा : आणखी एकेक आणू?

विन्को : मला अर्धी. सकाळी चढायचंय. ब्लाझ, या बाकावर ये, ओरडून बोलायला लावू नकोस. शनिवारी यंत्र आणू नका.

ब्लाझ : विन्को, ठरलंय ते.

विन्को : मोडू नका म्हणत नाही. हाताने रचलंय, हाताने मोडू. फावडं तिथेच आहे.

ब्लाझ : बरं.

विन्को : त्याआधी पट्ट्या परत लागल्या पाहिजेत. उद्या ये.

ब्लाझ : सगळी झाडं आठवतात तुला?

विन्को : एकेका झाडापाशी उभं राहून शिव्या घातल्यात. विसरेन कसा?

ब्लाझ : कापलेल्या पट्ट्या आखूड पडतील.

विन्को : खोडाला नाही पुरल्या तर फांदीला बांधू.

ब्लाझ : आणि गाठ?

विन्को : घट्ट मार. मी चाकू घरी ठेवून येतो.