चार ओळी उपाशी

नाही, पण मला सांगा, चारच ओळी! अख्ख्या शेतातल्या चार ओळी, त्या तशाच राहू द्यायला कुणाचं काय जात होतं हो? तुम्हाला सांगतो, आमच्या टेकडीवरच्या मक्याला यंदाही पानांवर पांढरे पट्टे, गेल्या साली कणसं म्हणजे माझी करंगळी, जानेवारीतच मका संपला, ताटात मक्याच्या पिठाची उगाली नाही... तेवढ्यात आले कृषी खात्याचे किप्रोनोसाहेब, झिंकची पुडी दिली. "वांजाला, पाण्यात कालवून पानांवर फवार. फक्त कडेच्या चार ओळी सोड. फरक दिसला, तर गावात घरटी पुडी देतो." म्हणजे गावाचं पोट माझ्या चार ओळींवर!

फवारलं. चार ओळी सोडल्या. घरी येतो तर आई, "त्यांनी काय पाप केलं? भुकेच्या वर्षात जन्मलास म्हणून 'वांजाला' असं नाव ठेवलं तुझं, आणि तूच लेकरं उपाशी ठेवतोस?" अगं आई, मका आहे तो!

आठवड्यानं बघतो, तर एक ओळ हिरवी! बायको, नासिमियु, पदरानं तोंड पुसत, "सासूबाई जेवेनात हो... एकच मारली." दुसरी आईनं स्वतः, पंप पाठीवर घेऊन, या वयात! तिसरी शेजारच्या सिमियुकाकांनी. "तुझ्या पंपात औषधाचं पाणी उरलं होतं रे, टाकून कशाला द्यायचं?" चारच ओळी हो, चार! राहिली एक. एकटीच, पांढरीफटक, वाऱ्यावर मान हलवत माझ्याकडे बघत... तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं!

साहेब आले. सगळं शेत हिरवंगार. इकडे फिरले, तिकडे फिरले... "फरकच नाही! या मातीला झिंकची गरजच नाही." अहो साहेब, चारही ओळींवर मारलंय आम्ही! तर हसले, "पुडी हवी म्हणून आता हे सांगतोस होय?" फटफटीला लाथ मारली, गेले. गावाच्या पुड्या गेल्या नदीपलीकडच्या गावाला. आता सिमियुकाकासुद्धा, स्वतः मारलेली ओळ विसरून, मला बघितलं की तोंड फिरवतात. त्यांच्या मक्यावर पट्टे तसेच. पोरांना काय घालणार ते? मला झोप लागत नाही हो.

आणि आई? कणसं कुरवाळत म्हणते, "बघ, भेदभाव केला नाही, तर सगळी कशी सारखी आली!"

आली ना... सारखीच आली.