आत्या आली आणि शाळा शिंकली

अगं, काल आमच्या आत्याची काय फजिती झाली म्हणून सांगू! मंगळवार पेठेत तिचं मसाला कांडप आहे ना, त्या कमाईतून तिनं गगनबावड्याकडच्या एका वाडीत शाळेची खोली बांधून दिली. काल उद्घाटन होतं. मुलांशी चार शब्द बोलायचं तिच्या फार मनात होतं, पण ही कांडपावरून तशीच गाडीत बसलेली. नव्या खोलीत पंख्याखाली उभी राहिली आणि साडीतली मिरची उडाली. गुरुजी शिंकले, सरपंच शिंकले, मग सगळी शाळाच.

आत्या ओशाळली. "ऱ्हाऊ दे बाई, मी भाईरच थांबते."

पुढं बसलेल्या चिमुरडीनं तिचा पदर धरला. "नगं जाऊ मावशी. जुन्या खोलीला खिडकीच न्हवती. आता हायत की आमाला."

आणि शिंकत शिंकतच पोरं खिडक्या उघडायला धावली.