शेवंताकाकू आणि माझी रडकी नायिका

आमच्या मोहर्लीच्या शेवंताकाकूला आपली कथा वाचून दाखवायची हिंमत मी एकदा केली, बरं का! माझी नायिका नवऱ्याशी भांडून जंगलात जाते आणि तळ्याकाठी वाकून बसून रडते.

"एकटीच गेली?" मोहफुलं वेचून आलेल्या काकूनं विचारलं.

"धाडसी आहे ती!"

"वाकलेला माणूस वाघाले जनावर वाटते, बापा. चार बाया दे तिच्यासंगं, मोठ्यानं बोलत जाणाऱ्या."

दिल्या. त्यांतली सर्वांत मोठ्या आवाजाची बाई म्हणजे हुबेहूब काकू. त्या चौघींच्या गलक्यात नायिका रडायचंच विसरली. नवी कथा ऐकून काकू जाम खूश.

"आता कशी खरी हिरोईन वाटते!"

"कोण, माझी नायिका?"

"मी! मंग ते रडकी काऊन ठेवली कथेत?"